गंगावन

दोन्ही हातांनी तिने डोक्यावरचा केसांचा टोप उचलला आणि आतून गुलाबाच्या पाकळ्यांची सर कोसळली. कपाळावरून, गालांवरून, खांद्यांवरून. माझ्या मांडीवर निवडायला घेतलेली मेथी होती आणि समोर भाचीचा लॅपटॉप. ‘‘मावशी, बघितलंस?’’ तिने विचारलं. बघितलं होतं. पण मला तिथे केस गळताना दिसले होते. उशीच्या अभ्र्यावर, न्हाणीघराच्या जाळीवर, आईच्या पाठीवर पुंजक्यापुंजक्याने गळालेले केस. मेथी तशीच बाजूला ठेवून मी आत निघून गेले. थोड्या वेळाने परत येऊन म्हटलं, पुन्हा लाव.

ही २०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. भाची तेव्हा कॉलेजसाठी पुण्याला माझ्याकडे राहत होती. ती जे बघायची त्याचं नाव ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’. अमेरिकेत २००९ साली सुरू झालेली टीव्हीवरची स्पर्धा. बहुतेक स्पर्धक पुरुष, पण सगळेच नाहीत. त्यात पारलिंगी स्त्रियाही असतात. इथे ड्रॅग म्हणजे बाईचं रूप घेऊन नाचायचं, गायचं, विनोद करायचा, कपडे स्वतः शिवायचे, चेहरा स्वतः रंगवायचा. दर भागाच्या शेवटी ज्यांचं काम सगळ्यांत फिकं पडलं अशा दोघी समोरासमोर उभ्या राहतात. गाणं लागतं आणि त्यावर नुसते ओठ हलवून ते आपलं करून दाखवायचं. एक राहते, एक घरी जाते. सूत्रधार रुपॉल स्वतः याच कलेतून वर आलेला, १९९० च्या दशकात सगळ्या अमेरिकेला माहीत झालेला कलाकार.

सुरुवातीला मी बाहेरच्या खोलीतून नुसते आवाज ऐकत होते. किंचाळणं, टाळ्या, मला न कळणारे शब्द. हे काय बघत असते ही पोरगी, असं मनात यायचंही. ती मात्र मला मागे लागून कधी बोलवायची नाही. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, ‘‘हा एक भाग बघ. मग पुढे कधी काही बघ म्हणणार नाही.’’

तो नवव्या हंगामाचा शेवटचा भाग होता, २३ जून २०१७ रोजी दाखवलेला. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावातलं अ‍ॅलेक्स थिएटर, समोर खचाखच प्रेक्षक, आणि चौदापैकी उरलेल्या चौघी: शे कूले, ट्रिनिटी टेलर, पेपरमिंट आणि साशा व्हेलूर. बक्षीस एक लाख डॉलर. त्याआधीच्या हंगामांत हंगामभराचं काम बघून रुपॉल विजेती जाहीर करायचा. या खेपेला पहिल्यांदाच असं ठरलं की चौघींच्या दोन जोड्या लावायच्या, जिंकलेल्या दोघी पुन्हा एकमेकींपुढे उभ्या राहणार आणि गाण्यावरच काय तो निकाल.

ही पद्धत मला आजही पटलेली नाही. शिकागोची शे कूले त्या हंगामात चार आव्हानं जिंकली होती, चौघींत सर्वांत जास्त. नाच, अभिनय, कपडे, विनोद, कशातही ती कमी पडली नव्हती. हंगामभर केलेलं एका गाण्यावर ठरवायचं, म्हणजे वर्षभर पहिल्या आलेल्या पोरीला वार्षिक परीक्षेत एकच प्रश्न विचारून नापास करण्यासारखं. पुढे २०२० मध्ये याच स्पर्धेच्या दुसऱ्या मालिकेत तिला मुकुट मिळाला, तेव्हा मला खरोखर बरं वाटलं. भाचीला मी फोन करून सांगितलं, तर तिला ते आधीच माहीत होतं.

पण ते गाणं साशाचं होतं. त्याबद्दल मनात शंका नाही.

साशा व्हेलूर या माणसाची पार्श्वभूमी ऐकली तर रंगमंचापेक्षा ग्रंथालयच आधी आठवावं. जन्म १९८७ चा, बर्कलीचा. वडील रशियाच्या इतिहासाचे प्राध्यापक. कॉमिक्स काढण्याचं पदव्युत्तर शिक्षण व्हरमाँटमध्ये झालेलं, त्याआधी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर रशियात मुक्काम. नंतर ब्रुकलिनमध्ये ‘नाइटगाउन्स’ नावाचा स्वतःचा ड्रॅगचा कार्यक्रम. रंगमंचावरची साशा बाई आहे, म्हणून मी तिला ‘ती’च म्हणते. या साशाच्या डोक्यावर केस नसतात. गुळगुळीत भादरलेलं डोकं, त्याखाली रेखलेल्या भुवया, टोकदार गालफडं, लाल ओठ. इतर जणी हातभर उंच टोप चढवून येतात तिथे ही कित्येकदा तशीच, बोडकी, चालत येते. तिची आई २०१५ मध्ये कर्करोगाने गेली. केमोत आईचे केस गेले होते. माझं हे डोकं आईसाठी आहे, असं साशा सांगते.

हे मला भाचीने सांगितलं ते मी परत येऊन बसल्यावर. आधी सांगितलं असतं तर मी तो भाग बघितलाच नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या आईचे केस गुडघ्यापर्यंत होते, असं मी सांगणार नाही, कारण प्रत्येक मुलगी आपल्या आईबद्दल असंच सांगते. कमरेपर्यंत होते. साधे, पातळ, सत्तरीतही निम्मे काळे. रोज सकाळी सांगलीच्या घराच्या मागच्या पायरीवर बसून ती विंचरायची, फणीतली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून तिची गोळी करायची आणि कोनाड्यातल्या पिशवीत टाकायची. गुंतवळ फेकायची नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. तिच्या लग्नात, १९६६ साली, वेणी भरघोस दिसावी म्हणून जे गंगावन लावलं होतं ते तिच्या आईच्या गुंतवळीचं होतं. वर्षानुवर्षं साठवलेली गुंतवळ देऊन करून घेतलेलं. म्हणजे बोहल्यावर आईच्या पाठीवर आजीचे केस रुळत होते. ते गंगावन अजून माझ्याकडे आहे. जुन्या धोतराच्या फडक्यात, वाळ्याच्या काडीसकट.

२०१४ च्या फेब्रुवारीत आईचं निदान झालं. उपचार मिरजेला. डॉक्टरांनी केसांचं आधीच सांगून ठेवलं होतं आणि आईने मान हलवून ऐकूनही घेतलं होतं. पहिल्या केमोनंतर अठराव्या दिवशी ती पायरीवर विंचरायला बसली आणि फणीबरोबर मूठभर केस आले. तिने सवयीने त्यांची गोळी केली. मग दुसरी. मग तिसरी. चौथ्या खेपेला फणी खाली ठेवून तिने मला हाक मारली आणि ओंजळ पुढे केली. ‘‘हे बघ,’’ एवढंच म्हणाली.

त्या आठवड्याच्या शेवटी माझ्या भावाने तिचं डोकं भादरलं. आईने आरसा मागितला, बघितला आणि पालथा घातला. ‘‘बोडकी दिसते गं मी.’’

या शब्दाचं वजन ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बोडकी म्हणजे नुसती केस नसलेली बाई नव्हे. नवरा मेला म्हणून जिचे केस काढले ती बोडकी. आईची आजी वाईला असायची. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, दहाव्या दिवशी न्हावी मागच्या दाराने आला, तो पुढे जन्मभर येत राहिला. विधवेने नेसायचं लाल आलवण, डोक्यावरून पदर, एक वेळचं जेवण. मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी संप केला होता, विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवणार नाही म्हणून. आईची आजी विधवा झाली ती त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी. तोवर कुणी सकेशा राहू लागल्या होत्या. वाईच्या त्या वाड्यापर्यंत मात्र तो संप पोचला नव्हता.

आई लहानपणी सुट्टीत तिथे जायची, आजीच्या कुशीत झोपायची. झोपेतसुद्धा आजी डोक्यावरचा पदर सुटू द्यायची नाही. एकदा रात्री आईचा हात चुकून पदराखाली गेला. खरखरीत लागलं, बाबांच्या गालासारखं, असं ती सांगायची. आजी जागी झाली, तिचा हात हळूच काढून तिच्याच छातीवर ठेवला आणि पदर पुढे ओढून घेतला. बोलली काहीच नाही. साठ वर्षांनी आईने ही आठवण मला सांगितली ती आरसा पालथा घातल्यावर. आणि मग म्हणाली, ‘‘तुझे बाबा धडधडीत समोर बसलेत आणि माझं डोकं असं. बरं दिसतं का?’’

विग मी आणला. मुंबईला जाऊन, दोन दुकानं फिरून, तिच्या केसांशी रंग जुळवून. नायलॉनचा होता. खऱ्या केसांचा परवडण्यासारखा नव्हता. घरात ‘आईला बरं वाटावं म्हणून’ असं सांगितलं, आणि तेव्हा मला स्वतःलाही ते खरं वाटत होतं. आता वाटतं, तो मी माझ्यासाठी आणला. तिच्याकडे बघताना मला जे होत होतं ते होऊ नये म्हणून. कुणी भेटायला आलं की मीच म्हणायची, आई, घाल ना. ती घालायची. एप्रिलमधली सांगली, पंखाही गरम वारा फेकतोय, आणि त्यात ती जाळी कातडीला टोचतेय. भेटायला आलेले गेले की ती तो काढून खुंटीवर ठेवायची आणि ओल्या पंच्याने डोकं टिपायची. कपाळावर जाळीचा लाल वळ उठलेला असायचा.

आता पुन्हा त्या रंगमंचाकडे येते.

गाणं व्हिटनी ह्यूस्टनचं, ‘सो इमोशनल’. तेही १९८७ चं, साशाच्याच वयाचं. एका बाजूला शे, दुसऱ्या बाजूला साशा. शेचं शरीर तालावर बांधलेलं असतं, कुठलीही मात्रा रिकामी जात नाही. साशा पहिल्या कडव्यात जवळजवळ जागची हलत नाही. ती चेहऱ्याने गाते. शब्द येण्याच्या आधीचा श्वास तिच्या ओठांवर दिसतो, म्हणजे गाणारी बाई श्वास घेते तिथेच तिचे ओठ उघडतात. स्वर चढतो तशी एक भुवई चढते. नुसते ओठ हलवणं आणि हे, यात किती अंतर आहे ते मला त्या अर्ध्या मिनिटात कळलं. मग ती हातमोजा ओढते आणि त्यातून पाकळ्या निघतात. थिएटर ओरडतं. बघणाऱ्याला वाटतं, झालं, हीच आजची करामत. साशा पुन्हा गाण्यात. डोकं झटकते, मान वळवते, केस उडतात, आणि एवढं होऊनही आतली एकही पाकळी तिने खाली पडू दिलेली नाही. गाणं सगळ्यात वर जातं तिथे दोन्ही हात कानांपाशी येतात. टोप टाळूपासून वीतभर उचलला जातो. ती तो हलवते. आणि पाकळ्या.

तोंड उघडं. डोळे उघडे. पाकळ्या डोळ्यांवरून घसरतायत तरी पापणी लवत नाही.

मी हे आजवर किती वेळा बघितलं ते मोजलेलं नाही. दर वेळी मी पाकळ्यांऐवजी त्यांच्या आतल्या डोक्याकडे बघते. टोप वर गेल्यावर मधल्या जागेत ते दिसतं. इतका वेळ त्या पाकळ्या तिथेच होत्या, उघड्या कातडीला लागून. जिथे आईचे केस गेले त्या जागी हिने गुलाब भरून आणले होते.

ड्रॅगच्या जगात टोप काढणं ही तशी चांगली गोष्ट समजली जात नाही. नाचताना टोप सुटला तर नामुष्की, आणि मुद्दाम काढला तर खाली काहीतरी दाखवण्यासारखं हवं. या स्पर्धेच्या पाचव्या हंगामात, २०१३ मध्ये, रॉक्सी अँड्र्यूजने केस झटकण्याच्या गाण्यावर टोप भिरकावला आणि खाली दुसरा टोप निघाला. प्रेक्षक वेडे झाले. त्याच वेळी, त्याच मंचावर ती कोसळली. तीन वर्षांची असताना आईने तिला आणि तिच्या बहिणीला एका बसथांब्यावर सोडून दिलं होतं, हे ती रडत रडत सांगत होती. आपल्यासारख्यांना आपलं कुटुंब स्वतः निवडता येतं, असं रुपॉलने तिला समजावलं आणि त्या दिवशी कुणालाच घरी पाठवलं नाही. दोन टोपांच्या खाली ते तीन वर्षांचं पोर होतं. भाचीने मला हा भाग नंतर दाखवला. मी रॉक्सीच्या आईवर रागावले आणि दिवसभर रागावलेलीच राहिले.

साशानंतर मग सगळ्यांनाच काहीतरी उघडून दाखवावंसं वाटू लागलं. पुढच्याच वर्षीच्या अंतिम फेरीत एशिया ओहाराने अंगावरच्या पोशाखात जिवंत फुलपाखरं लपवून आणली. ती उडाली नाहीत. बरीचशी तिच्या पायांशी पडली. नंतर तिने माफी मागितली. मला ते बघवलं नाही. वर्षभर मेहनत केलेल्या त्या कलाकाराबद्दलही वाईट वाटलं. करामत तिचीही मोठी होती, पण ती फुलपाखरं तिच्या जगण्यातल्या कुठल्या गोष्टीची होती ते त्या गाण्यात मला सापडलं नाही.

माझ्या ओळखीत हे सगळं सांगितलं की हमखास एक वाक्य येतं. आपल्याकडे बालगंधर्व होतेच की! मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक उभं केलं ते सांगलीत, आणि सीता झाली तीही पुरुषच. बालगंधर्वांचं नाव आमच्या घरात देवासारखं घेत. त्यांच्यासारखं नेसायचं, त्यांच्यासारखं फूल माळायचं, असं करणाऱ्या घरंदाज बायका आजीने पाहिलेल्या. तेव्हा हे वाक्य मला परकं नाही. पण ते मला पुरत नाही. बालगंधर्वांच्या कलेत टोप हा टोप वाटता कामा नये, हीच किमया होती. १९११ मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, आणि ते भामिनी होऊन उभे राहिले, गायले. समोरच्यांना भामिनीच्या चेहऱ्यावर भामिनीच दिसली. एका बापाचं दुःख त्या शालूखाली, त्या टोपाखाली तसंच झाकलेलं राहिलं. ते झाकू शकले म्हणून आम्ही त्यांना मानतो. साशाने आपलं दुःख टोपात भरून आणलं आणि भर गाण्यात सगळ्यांसमोर ओतलं. दोन्हींत केवढी ताकद लागत असेल! माझी आई पहिल्या परंपरेतली. मीही. झाकता आलं की जिंकलो, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

त्याच नवव्या हंगामात आधीच्या एका भागात व्हॅलेंटिना नावाची सर्वांची लाडकी स्पर्धक तोंडावर मुखवटा लावून गाण्याला उभी राहिली होती. गाण्याचे शब्द तिला येत नव्हते. रुपॉलने गाणं थांबवलं आणि मुखवटा काढ म्हणून सांगितलं. तिने आधी नम्रपणे नकार दिला, तो राहू दे म्हणाली. शेवटी काढावाच लागला, आणि ती घरी गेली. भाचीला तो प्रसंग गमतीचा वाटतो, तिच्या मैत्रिणी त्याची नक्कल करतात. मला त्या मुलीच्या आवाजातला तो नकार ऐकून पोटात कालवलं. ‘राहू दे ना’ असंच आई म्हणायची, पदराबद्दल.

अंतिम जोडीत साशासमोर पेपरमिंट होती, न्यूयॉर्कची, पारलिंगी स्त्री म्हणून उघडपणे या स्पर्धेत उतरलेली. पुढच्याच वर्षी ब्रॉडवेच्या एका संगीत नाटकात तिने प्रमुख भूमिका केली. तिच्याबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. गाणं पुन्हा व्हिटनीचंच. साशा या वेळी मुखवट्याआडून आली आणि तो काढून टाकला. टोप आता नव्हताच. निकाल लागला, आणि रुपॉलने विजेती म्हणून तिचं नाव घेतलं. मुकुट आणला. तो त्या बोडक्या डोक्यावर ठेवला.

इथे मी भाचीला थांबव म्हटलं. चित्र स्थिर झालं. लखलखता मुकुट, त्याखाली केसाचा एक तंतूही नाही, त्याखाली रंगवलेला, घामेजलेला, बावरलेला चेहरा.

मी जिथून आले तिथे बिनकेसांचं बाईचं डोकं म्हणजे ज्याच्यावर यापुढे काही चढवायचं नाही असं डोकं. फूल नाही, कुंकू नाही, अक्षता नाहीत. त्याच्यावर पदर तेवढा ओढायचा. वाईच्या त्या खोलीत आईचा हात ज्या कारणाने बाजूला केला गेला, सांगलीत तिने आरसा ज्या कारणाने पालथा घातला आणि मी दोन दुकानं पालथी घालून विग ज्या कारणाने आणला, ते कारण एकच होतं. आणि इथे हजारभर माणसं उभी राहून ओरडत होती आणि त्या डोक्यावर मुकुट बसत होता. तो किंचित सरकला, साशाने हाताने सावरला.

‘‘तुला आठवतं का,’’ भाची म्हणाली, ‘‘त्या वर्षीचं चैत्रातलं हळदीकुंकू?’’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा भाग तिने मला सहज दाखवला नव्हता.

आई २०१६ च्या जानेवारीत गेली. तिच्या दुखण्याची दोन वर्षं आमच्या घरात आम्ही आकडे आणि तारखांत बोलत होतो. कितवी केमो, किती पेशी, कधी परत जायचं. तो एक दिवस मी बाजूला ठेवून दिला होता, विसरले नव्हते.

२०१४ चा एप्रिल संपत आलेला. आईने हट्टाने चैत्रगौर मांडली. पुढच्या वर्षी मी असेन-नसेन, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, कैऱ्या चांगल्या आल्यात. मी डाळ वाटली, पन्हं केलं, हरभरे भिजत घातले. भाची तेव्हा चौदा वर्षांची, सुट्टीला आलेली. तिच्याकडे नेहमीचं काम, गुलाबदाणीने येणाऱ्या बायकांवर गुलाबपाणी शिंपडायचं. आई विग घालून, नऊवारी नेसून खुर्चीत बसलेली. बायका आल्या. पंधरा-वीस असतील. त्या दुपारी वीज गेली.

अर्ध्या तासाने आईच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या. मी डोळ्यांनीच तिला विचारत होते, आत येतेस का. तिने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या गौरीकडे बघत होती. मग तिने दोन्ही हात कानांपाशी नेले, विग उचलला आणि मांडीवर ठेवला.

खोली गप्प झाली. डाळीच्या वाट्यांत चमचे थांबले. आजींच्या वयाच्या एक बाई होत्या, त्यांनी मान फिरवली. आईच्या कपाळावर मोठं कुंकू आणि वर काहीच नाही. ते दोन एकत्र त्यांनी जन्मात पाहिलं नसावं. मी पदर पुढे घ्यायला म्हणून एक पाऊल टाकलं. शेजारच्या वहिनींनी माझा हात धरला.

आणि भाची उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. चांदीची ती उंच मानेची गुलाबदाणी घेऊन ती आजीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि इतर सगळ्यांच्या हातांवर शिंपडत होती तसं तिने आजीच्या डोक्यावर शिंपडलं. थेंब टाळूवर पडले, पसरले, कानामागून मानेवर ओघळले. आईने डोळे मिटले. तिच्या तोंडून ‘आहा’ असा आवाज आला, तहानेल्या माणसाचा येतो तसा. गुलाबाचा वास खोलीभर झाला.

‘‘आजी, गार वाटतं?’’ भाचीने विचारलं.

‘‘खूप,’’ आई म्हणाली. आणि नऊवारीचा पदर खांद्यावर नीट चेपून, डोकं थोडं पुढे वाकवून म्हणाली, ‘‘मागच्या बाजूलाही घाल गं. तिकडे कोरडंच राहिलंय.’’